बाहेरच्या डब्यातलं पाणी

सासरे म्हणून अप्पा अगदी सोपे होते. खाण्यापिण्याचे नखरे नव्हते, सुनेच्या येण्याजाण्याच्या वेळांवर डोळा नव्हता, टीव्हीचा रिमोटसुद्धा कोणी मागायच्या आत देऊन टाकायचे. अट एकच होती. त्यांच्यासमोर 'अंदाजे' म्हणायचं नाही. "अंदाजे लिटरभर दूध आणा," असं कोणी म्हणालं की अप्पा पिशवी खाली ठेवून शांतपणे विचारायचे, "म्हणजे किती?" आणि नशीब असं, की त्यांना सून मिळाली ती अंदाजाचाच पगार खाणारी. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या शहरावर एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस कोसळू शकेल, हे सांगायची तिची नोकरी. कचेरीत तिला आकडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, कारण तिला ते आवडायचं.

अप्पांनी एकतीस वर्षं शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढली. काम साधं यंत्रचालकाचं. पंप चालू करायचे, बंद करायचे, टाक्यांच्या पातळ्या वहीत लिहायच्या. पण केंद्राच्या आवारात, तारेच्या कुंपणात, एक पर्जन्यमापक होता, आणि रोज सकाळी आठला तो वाचायचं काम कोणाच्या तरी गळ्यात पडायचं होतं, ते यांच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कोणी नाक मुरडलं असतं. अप्पांनी ते मनावर घेतलं. आठला दोन मिनिटं कमी असताना ते कुंपणाचं दार उघडत, वरचं नरसाळं काढत, आतली बाटली बाहेर घेऊन पाणी मोजपात्रात ओतत आणि उकिडवे बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणत. उभ्यानं वाचलं की आकडा चुकतो, असं ते सांगत. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही सकाळी पाऊस मोजून, वहीत लिहून, सही करून मगच ते लग्नाला उभे राहिले. सासूबाई होत्या तोवर ही हकिकत चारचौघांत सांगायच्या, आणि त्यांचा सूर कौतुकाचा की तक्रारीचा हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

एकतीस वर्षांत त्यांचे अकरा दिवस चुकले. त्या अकरा दिवसांपुढे त्यांनी शून्य लिहिलं नव्हतं, आडवी रेघ मारली होती. "पाऊस न पडणं वेगळं आणि मी न बघणं वेगळं," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं. माझं विचाराल तर मोठमोठ्या संस्थांना हा फरक कळत नाही. अप्पा निवृत्त झाले, त्यांच्या जागी एक स्वयंचलित यंत्र आलं, ते निम्मा वेळ बंद असतं आणि उरलेला निम्मा वेळ त्याच्यात कोळी राहतो. जुन्या वह्या रद्दीत निघाल्या होत्या. अप्पांनी त्या रिक्षात घालून घरी आणल्या, त्यांना नवी कव्हरं घातली आणि कपाटात वर्षांच्या क्रमानं लावून ठेवल्या. कव्हर घालणं हा त्यांचा दुसरा छंद होता. घरातल्या गॅसच्या पुस्तकालाही कव्हर होतं.

आता सुनेच्या कामाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची भानगड लक्षात यायची नाही.

हवामानाचं मॉडेल म्हणजे संगणकात मांडलेली पृथ्वी. हवेचे, समुद्राचे, जमिनीचे चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनात ऊन किती, वारा कुठून, वाफ किती याचा हिशेब वर्षानुवर्षं पुढे ढकलत न्यायचा. जगात अशी मॉडेलं पुष्कळ आहेत. आकडेबाईच्या हाताशी चौदा होती, आणि चौदांची चौदा तोंडं चौदा दिशांना. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत की हवा तापत चालली आहे, आणि तापलेली हवा जास्त वाफ धरते, एका अंशामागे साधारण सात टक्के. ती वाफ कधीतरी खाली येणार आणि आली की एकदम येणार. पण किती येणार हे विचारलं की प्रत्येक मॉडेलचा सूर निराळा. शिवाय त्यांचे चौकोन असतात शंभर-शंभर किलोमीटरचे. एवढ्या मोठ्या चौकोनावर सरासरी काढली की ढगफुटीचीही रिमझिम होते. म्हणून मॉडेलला आधी जुन्या खऱ्या पावसाच्या वहीशी ताडून घ्यावं लागतं. मॉडेलनं मागच्या काळासाठी सांगितलेला सगळ्यात मोठा पाऊस वहीतल्या सगळ्यात मोठ्या पावसासमोर ठेवायचा, दुसरा दुसऱ्यासमोर, तिसरा तिसऱ्यासमोर. त्यावरून मॉडेल कुठे किती कमी सांगतं ते कळतं, आणि तीच दुरुस्ती पुढच्या काळाच्या आकड्यांना लावायची.

ही जुनी, खरी, सलग एकतीस वर्षांची वही सगळ्या शहरात एकच होती, आणि ती आकडेबाईच्या घरात, कव्हर घालून ठेवलेली होती.

तिनं ती वही संगणकात उतरवायला घेतली तेव्हा अप्पांना झालेला आनंद सांगून पटायचा नाही. चार महिने ते रोज संध्याकाळी तिच्याशेजारी खुर्ची ओढून आकडे वाचून दाखवत होते आणि ती टंकत होती. कोणी भेटलं की सांगत, "आमच्या वहीवर जगातली मॉडेलं शिकतायत." न्हाव्याला सांगितलं, औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, चुकून फोन लागलेल्या एका अनोळखी बाईलाही सांगितलं. सासूबाई गेल्यापासून ते जरा मिटून गेले होते. या चार महिन्यांत परत खुलले, मोठ्यानं शिंकायला लागले.

काम निघालं होतं ते एका मोरीचं. शहराचा मोठा नाला रेल्वेच्या भरावाखालून जिथे पार होतो तिथली मोरी जुनी झाली होती, नवी बांधायची होती. प्रश्न एवढाच, की ती दोन गाळ्यांची बांधायची की तीन गाळ्यांची, म्हणजे पाण्याला वाटा दोन ठेवायच्या की तीन. भरावाच्या वरच्या अंगाला मोठं रुग्णालय, त्याच्या तळमजल्यावर अपघात विभाग आणि बाळंतिणींचा कक्ष. मोरीतून पाणी पुढे सरकलं नाही तर ते मागे तुंबणार, आणि तुंबणार ते नेमकं तिथे. मोरी एकदा भरावाखाली बसली की पुढची साठ-सत्तर वर्षं कोणी तिला हात लावणार नव्हतं. गाळे किती हे ठरणार होतं आकडेबाईच्या आकड्यावर, आणि तो शुक्रवारच्या बैठकीत द्यायचा होता. तिच्या साहेबांना दोन गाळे पुरेसे वाटत होते. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस म्हणजे आपल्या नोकरीत नाही," असं ते हसून म्हणत. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक, आणि तो उद्याही येऊ शकतो, हे आकडेबाईनं त्यांना सहा वेळा सांगून झालं होतं.

सोमवारी दुपारी चौदाही मॉडेलांचे निकाल पडद्यावर आले. तिच्या शेजारच्या टेबलावर मॉडेलवाला बसायचा, गळ्यात कायम हेडफोन अडकवलेला, मॉडेलं चालवण्यात तरबेज. त्यानं खुर्चीसकट सरकत येऊन पडदा पाहिला आणि खूश झाला.

"वा. सगळी दोनशे सोळा मिलिमीटरच्या आसपास. इतकं जुळलेलं कधी बघितलं नव्हतं."

आकडेबाईनं आकडे एकेक करून पुन्हा वाचले. ज्या चौदांचं जन्मात कशावर पटलं नाही ती सगळी दोनशे ते दोनशे तीसच्या मध्ये शहाण्या मुलांसारखी बसली होती. पुढच्या पन्नास वर्षांत काहीही होवो, त्यापलीकडे पाऊस जातच नव्हता.

"कोणीतरी वरून झाकण ठेवलंय," ती म्हणाली.

तिनं अप्पांचे आकडे काढले आणि उतरत्या क्रमानं लावले. पहिला दोनशे. दुसरा दोनशे. तिसरा, चौथा, पाचवाही दोनशे, पुढे दशांशातही काही नाही. सहावा एकशे एक्क्याऐंशी पूर्णांक चार. चार महिने हेच आकडे तिनं स्वतःच्या बोटांनी टंकले होते, पण वर्षावर्षांच्या अंतरानं आलेले ते पाच दोनशे तेव्हा तिच्या डोळ्यांत भरले नव्हते.

मॉडेलवाल्यानं शेंगदाणे चघळणं थांबवलं. "बाटली किती लिटरची होती?"

"चार लिटरची. आणि नरसाळ्याचं तोंड दोनशे चौरस सेंटीमीटर." तिला भागाकार करायची गरज पडली नाही. चार लिटर म्हणजे बरोबर दोनशे मिलिमीटर. बाटली गळ्यापर्यंत भरली होती आणि पाऊस पडतच राहिला होता.

"पण बाटली भरून वाहिली तरी पाणी जात नाही ना कुठे," मॉडेलवाला म्हणाला. "बाटली ज्या डब्यात उभी असते त्यात साठतं. बाहेरच्या डब्यात. ते मोजून वर मिळवायचं असतं. मग ते कुठे गेलं?"

ते कुठे गेलं हे तिला माहीत होतं. एकोणीस वर्षं ती ते जेवणाच्या टेबलावर ऐकत आली होती. केंद्राच्या कचेरीला खोल व्हरांडा होता, त्यात पाच कुंड्या. कितीही पाऊस पडो, व्हरांड्यातल्या झाडांना थेंब मिळायचा नाही, त्यांची अप्पांना दया यायची. म्हणून मोठ्या पावसानंतर ते त्या झाडांना मगानं पावसाचं पाणी घालायचे. सगळ्या घराची ही लाडकी गोष्ट होती. तिची मुलगी लहानपणी झोपताना तीच गोष्ट मागायची. ते पाणी अप्पा कुठून आणत असतील, हा प्रश्न पाऊस मोजायचा पगार घेणाऱ्या त्या बाईला एकोणीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

घरी येऊन तिनं हे आधी नवऱ्याच्या कानावर घातलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि लोकांना दिसायला लागावं म्हणून दिवसभर झटणाऱ्या त्या माणसाचा घरातला सल्ला नेहमी डोळेझाकीचा असायचा.

"वही वगळ," तो म्हणाला. "लिही, काही कारणानं हे केंद्र घेतलं नाही. कारण कोण विचारतंय?"

"मग मॉडेलं ताडायची कशावर? दुसरी वहीच नाहीये."

"तू म्हणालीस ना, त्या पाच दिवसांना 'किमान दोनशे' धरता येतं म्हणून?"

धरता येत होतं. मॉडेलवाल्यानं तसा हिशेब करूनही पाहिला होता. उत्तर आलं ते दोनशे तीसपासून चारशे ऐंशीपर्यंत कुठेही, आणि एवढा लांबरुंद पट्टा साहेबांच्या हाती दिला की ते त्याचं खालचं टोक धरून मोकळे होणार, दोन गाळ्यांवर सही करणार. पट्टा आखडायचा तर बाहेरच्या डब्यात किती पाणी होतं ते कळायला हवं. ते सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि त्याला विचारायचं म्हणजे तुमची वही चुकली हे त्याला सांगण्यासारखंच होतं.

"त्यांच्याकडे दुसरं काय आहे गं?" नवरा खालच्या आवाजात म्हणाला. तो भित्रा होता, पण वाईट नव्हता. तिला त्याचा राग आला आणि तो बरोबर बोलतोय म्हणून आणखी आला.

मंगळवार तिनं तसाच घालवला. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आली. अप्पा स्वयंपाकघरात टेबलापाशी मटार सोलत होते. सोलताना ओठ हलत होते, म्हणजे शेंगेमागे दाणे किती याची सरासरी चालली होती.

ती समोर बसली, एक शेंग हातात घेतली. "अप्पा, ती कुंड्यांची गोष्ट सांगा ना."

"आत्ता? तुला पाठ आहे ती."

"तरी सांगा."

त्यांनी खुशीत सांगितली. पाच कुंड्या, दोन गुलाब, एक लिंबू, एक कोरफड आणि एक कधीच न फुललेलं काहीतरी. आणि कडेला पत्र्याच्या डब्यात पुदिना. सगळं सांगून झालं तशी ती म्हणाली, "ते पाणी कुठलं हो, अप्पा?"

"पर्जन्यमापकाचं. बाहेरच्या डब्यातलं."

"मोजलेलं?"

"ते कशाला मोजायचं? ते झिरपलेलं पाणी. माझ्या आधी जो होता ना, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, डब्यात पाणी दिसलं तर ते जमिनीतून आत आलेलं, ते धरायचं नाही, ओतून टाकायचं. मला वाटलं ओतायचंच तर..."

अप्पांचा हात शेंगेवर थांबला. आकडेबाईनं मान वर केली नाही. पुढचं तिला समजावून सांगावं लागलं नाही. हिशेबाचा माणूस होता तो.

"बाटली चार लिटरची," ते हळूच म्हणाले. "म्हणजे दोनशे."

"हो."

"दोनशे किती वेळा आलंय?"

"पाच वेळा."

अप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग उठले, सोललेले दाणे आणि न सोललेल्या शेंगा वेगवेगळ्या केल्या, टेबल पुसलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. संध्याकाळी जेवायला आले नाहीत. नातीनं हाक मारली तर आतून म्हणाले, भूक नाही. आकडेबाईला त्या दिवशी स्वतःच्या नोकरीचा, त्या चौदा मॉडेलांचा आणि रेल्वेच्या भरावाचा मनापासून तिटकारा आला. म्हाताऱ्या माणसाकडून त्याची एकुलती एक गोष्ट तिनं भर दुपारी काढून घेतली होती, तीही त्याच्याच तोंडून वदवून.  नवऱ्यानं नुसती भांडी घासली, आणि हे त्याच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं.

गुरुवारी सकाळी ती कचेरीला निघाली तर अप्पा दारात उभे. धुतलेला सदरा, पायात बूट, हातात कापडी पिशवी. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं.

"केंद्रावर जायचंय," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय आत सोडणार नाहीत."

दोघं रिक्षात बसली. अर्ध्या वाटेत त्यांनी पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढून तिच्या मांडीवर ठेवली. तपकिरी कव्हर, कोपरे नीट दुमडलेले, वर सुबक अक्षरात 'पर्जन्यमापक, नवा'.

"जुना डबा खरंच गळका होता. जमिनीचं पाणी आत यायचं. तो सांगणारा चुकीचं सांगत नव्हता. पण माझ्या तिसऱ्या वर्षी नवं यंत्र आलं, त्याच्याबरोबर ही आली. मी कव्हर घातलं आणि कपाटात ठेवली. वाचली नाही. मला वाटलं, मला येतंय." पुस्तिकेवर बोट ठेवून म्हणाले, "पान नऊ. काल वाचलं."

पान नऊवर दोनच ओळी होत्या. अतिवृष्टीत बाटली भरून वाहिल्यास बाहेरच्या डब्यातील पाणी मोजून एकूण आकड्यात मिळवावे.

केंद्रावर पोचल्यावर मात्र त्यांच्या चालीत फरक पडला. प्रयोगशाळेतल्या बाईंकडून त्यांनी काचेचं मोजपात्र मागून घेतलं आणि पिशवीतून एक पांढरा, कडा उडालेला मग काढला. हाच तो मग. निवृत्तीच्या दिवशी कोणी फेकून देऊ नये म्हणून घरी आणलेला, इतकी वर्षं त्यात त्यांचे पेन राहत होते. तो काठोकाठ भरला आणि मोजला, उकिडवं बसून. पाव लिटर बरोबर. म्हणजे एक मग साडेबारा मिलिमीटरचा.

"लिही," अप्पा म्हणाले. "सगळ्यात मोठा दिवस. पाचही कुंड्यांना एकेक मग झाला आणि अर्धा मग उरला, तो पुदिन्याला. साडेपाच मग. किती झाले?"

"एकोणसत्तर मिलिमीटर. म्हणजे दोनशे एकोणसत्तर."

"आता माझ्या आठवणीवर जाऊ नकोस. म्हातारा माणूस काहीही सांगेल. त्या दिवशी आदल्या सकाळपासून वीज नव्हती. पंप बंद, टाकीत पाणी आत येत नव्हतं, बाहेर जात नव्हतं. टाकी वरून उघडी, भिंती सरळ उभ्या. टाकीचं बुक काढ, दोन्ही सकाळच्या पातळ्या बघ. जेवढी चढली तेवढा पाऊस."

टाकीचं बुक भांडारात, गंजलेल्या व्हॉल्व्हखाली सापडलं. त्या तारखेच्या दोन पातळ्या अप्पांच्याच अक्षरात होत्या. टाकी एका दिवसात सत्तावीस सेंटीमीटर चढली होती. आकडेबाईनं ते दोनदा वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. भांडारात अंधार होता म्हणून बरं.

आणखी एका दिवसाचे त्यांनी तीन मग सांगितले, एका दिवसाचा दीड, एका दिवसाचा एक. त्या दिवसांत पंप चालू होते, त्यामुळे पडताळा मिळणार नव्हता, आणि हेही त्यांनीच सांगितलं. पाचव्या दिवसाशी ते बराच वेळ झगडले. आकडेबाई म्हणाली, "साधारण एखादा मग धरू का?"

"धरायचा नाही," अप्पा म्हणाले. "आठवत नाही. 'आठवत नाही' असंच लिही."

ती दुपारी कचेरीत पोचली तेव्हा मॉडेलवाला तयारच होता. पाचवा दिवस त्यांनी 'किमान दोनशे' असाच ठेवला, आठवणीवरच्या तीन आकड्यांना थोडी ढील दिली, टाकीनं सिद्ध केलेला एक पक्का धरला आणि चौदाही मॉडेलं नव्यानं ताडली. झाकण निघालं. मॉडेलं लगेच आपल्या मूळ स्वभावावर गेली, कोणी तीनशेवर अडून बसलं, कोणी चारशेच्या घरात गेलं, बहुतेक तीनशे चाळीसच्या आजूबाजूला रेंगाळली. त्यांना पुन्हा भांडताना बघून आकडेबाईला हायसं वाटलं. दोनशे सोळा आणि तीनशे चाळीस यांच्यामध्ये एक अख्खा गाळा मावत होता.

अहवाल लिहिताना तिनं एका जागी हात जरा सैल सोडला. मूळ नोंदींत दुरुस्ती का करावी लागली, असा रकाना होता, त्यात तिनं लिहिलं, 'यंत्रदोष'. एकच शब्द. कोणाचं काही बिघडत नव्हतं, आकडा तोच राहत होता, आणि एकतीस वर्षं उकिडवं बसलेल्या माणसाचं नाक राहत होतं. संध्याकाळी घरी येऊन तिनं छापलेला अहवाल अप्पांसमोर ठेवला. त्यांना बरं वाटेल अशी तिची समजूत होती.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मॉडेलांची पानंसुद्धा, जी त्यांना फारशी समजत नव्हती. त्या रकान्याशी आले आणि थांबले.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"यंत्रात काय दोष होता?"



अप्पांनी खिशातलं पेन काढलं. 'यंत्रदोष' या शब्दावर सरळ एक रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी, चूक दुरुस्त करायची तीच पद्धत आहे म्हणून. शेजारी लिहिलं, 'निरीक्षकाची चूक', आणि खाली सही केली.

"यंत्रानं सगळं पाणी धरून ठेवलं होतं," ते म्हणाले. "ओतलं मी."

शुक्रवारच्या बैठकीत साहेबांनी पानावरचं ते पेनाचं अक्षर बघून विचारलं, छापील अहवालात हे कोणी खरडलं. आकडेबाईनं सांगितलं, पाऊस ज्यांनी मोजला त्यांनी. मग तिनं मगाचं, टाकीचं आणि चौदा मॉडेलांचं सगळं क्रमानं सांगितलं. साहेबांनी दोन-तीन वेळा घड्याळ पाहिलं, पण टाकीचे सत्तावीस सेंटीमीटर आले तशी टाकीचं बुक आपल्याकडे ओढून दोन्ही पातळ्या स्वतः वाचल्या. तीन गाळे मंजूर झाले.

ती घरी आली तेव्हा अप्पा बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसले होते. तिनं बातमी सांगितली. त्यांनी मान हलवली, पण चेहरा उजळला नाही. मग त्यांनी तिला समोर बसायला सांगितलं.

"माझ्या आकड्यावर आधी काय काय बांधलंय?"

हा प्रश्न त्यांनी विचारू नये म्हणून ती सोमवारपासून मनात घोकत होती. उत्तर तिच्या पर्समध्ये होतं, चार घड्या घालून. केंद्रानं वेळोवेळी कळवलेला दोनशेचा सर्वात मोठा आकडा धरून मागच्या वीस वर्षांत बांधलेले नाले, नळे, मोऱ्या, एकूण नऊ. नाही म्हणता आलं असतं. तिनं कागद काढून दिला.

अप्पांनी तो मांडीवर सपाट केला आणि वरून खाली एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग तिचं पेन मागून घेतलं, पाचव्या ओळीपुढे '१' असा आकडा घातला आणि कागद परत केला.

"शाळेजवळची आधी घ्या," ते म्हणाले.